गव्हावरची ज्वारी

२३ जून, सोमवार

शाळा उघडली. गेल्या आठवड्यात अकरा गणवेश नवे शिवले आणि सात उसवून मोठे केले. गल्लीतली एकूण एक पोरं उन्हाळ्यात वाढली. कोणी आंबे खाऊन वाढलं, कोणी मामाच्या गावी जाऊन, काही तर नुसत्या उनाडक्या करून वाढली. आमच्या ऋतुजाला दुसरीतला स्कर्ट चौथीत बसला. ना घट्ट, ना सैल. शिवताना खालची पट्टी मी तीन बोटं आत दुमडली होती, दोन वर्षं बघायला नको म्हणून. खरंच बघायला लागलं नाही.

मापाच्या वहीत ऋ.च्या नावापुढे लिहिलं: वरीलप्रमाणे. तिसरीतही हेच लिहिलं होतं. पुढून मापं, मागच्या पानांवर हे. घरात बोलायला गेलं की भांडण होतं, म्हणून वही.

ऋ.ला गहू सोसत नाही म्हणून पोळी बंद होऊन आठ महिने झाले. दिवाळीची शंकरपाळी, होळीची पुरणपोळी, माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातली अख्खी पंगत, सगळं तिने नुसतं बघितलं. नऊ वर्षांची पोर. आणि तरी स्कर्ट तोच. गहू पोटात जातोय का ते कळायला शनिवारी अकोल्याला रक्त तपासायचंय. या वेळी आकडा उतरला नाही तर मी कोणाला जाब विचारायचा?

२८ जून, शनिवार

आकडा जिथल्या तिथे. वजन उलट अर्धा किलो कमी.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारी नवरोबा बसले होते, त्यांच्याकडे नाही. "ताई, घरात कोणीतरी तिला गहू देतंय. रिपोर्ट खोटं बोलत नाही." मग कागदावर लिहून दिलं: गहू, मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्कीट बंद. भाकरी आणि भात चालेल. अहो, हे मी तुम्हाला पाठ म्हणून दाखवते! ऋ.चा तवा वेगळा, परात वेगळी, तिचा डबा मी माझ्या हाताने घासते. तरी चोर मीच.

परतीच्या गाडीत नवरोबा जलंब स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. जलंब गेलं तसं तोंड उघडलं. "तुह्यं लक्षच नसते. दिवसभर मशीन चालू."

मी म्हटलं, तुमचं कापसाचं जिनिंग तरी दिवसभर बंद असतं का? घरी आल्यावर पोरीच्या ताटात एकदा तरी डोकावलात? समोरची बाई टक लावून बघत होती. बघू दे. ऋ. डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. तिच्या पापण्या हलत होत्या.

१ जुलै, मंगळवार

घराची झडती घेतली. आधी सासूबाईंना विचारलं, आई, तुम्ही कधी चुकून काही दिलं का? झालं! "मी काय तिची वैरीण हाय काय वं? माह्या लेकाची लेक हाय ते." दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी शेजारच्या कोकिळाताई त्यांना समजवायला आल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवून गेल्या.

मग दप्तर. कंपासपेटीत पट्टीच्या खाली बिस्किटाच्या पुड्याचा कागद, घडी घालून ठेवलेला. माझं डोकंच फिरलं. एक थोबाडीत दिली. एकच दिली, पण जोरात.

"मम्मी, मी नाही खाल्लं. सानिकानं खाल्लं. मी कागद ठेवला."

कशाला ठेवला?

"वास घ्याले."

मी विश्वास ठेवला नाही. वास घ्यायला कोणी मैत्रिणीच्या पुड्याचा कागद जपून ठेवतं का, म्हणाले. ती रडली नाही. गाल धरून माझ्याकडे नुसतं बघत राहिली.

५ जुलै, शनिवार

सापडलं! हिंग!

डबीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. चष्मा लावून, उन्हात नेऊन वाचलं. घटक: गव्हाचं पीठ. हिंगात! रोज वरणाला फोडणी, रोज चिमूटभर. कोणत्या गुरूने यांना हिंगात गहू कालवायला शिकवलं? अख्खी डबी उकिरड्यावर फेकली. सासूबाई म्हणाल्या, "हिंगाबिगर वरण म्हंजे पानी." असू द्या पाणी.

नवरोबांना सांगितलं. "बरं झालं, सापडलं" म्हणाले आणि पेपर उघडला. 'तुझी चूक नव्हती' हे तीन शब्द पेपराआड राहिले.

ऋ.ला जवळ घेतलं. म्हटलं, हिंगामुळे होत होतं गं. ती म्हणाली, "म्हंजे मी नाही ना?" मी म्हटलं, हिंगही आणि बिस्कीटही. का म्हटलं तसं? आई म्हणून हार कबूल करवत नाही, हेच खरं.

२६ जुलै, शनिवार

हिंग जाऊन तीन आठवडे झाले. पोट फुगतंच आहे. दुपारी शाळेतून आली की कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसते. लंगडी नाही, पळापळी नाही.

कोकिळाताई ब्लाउज टाकायला आल्या. अस्तर कोणतं ते नंतर, आधी उपदेश. "एवढं काऊन पाळता तुम्ही? थोडं थोडं देत राह्यलं की सवय होते. माह्या भाच्याले दुधाचं तसंच होतं."

शंभराव्यांदा सांगितलं: कोकिळाताई, ही सवय नाही, आजार आहे. गहू पोटात गेला की हिचं स्वतःचंच शरीर हिच्या आतड्यावर उलटतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. एक घास काय आणि एक कण काय, सारखंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण गव्हात ताकत असते ना." मी टेप त्यांच्या छातीभोवती जरा जास्तच आवळला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सासूबाईंनी सकाळपासून तोंड फुगवलेलं. "बैलाले पुरनपोळी अन् घरच्या लेकराले भाकर. पाहनारे काय म्हनतीन?"

बैलाला आजार नाही, आई.

ऋ.ला ज्वारीच्या भाकरीवर पुरण घालून दिलं, वर तूप. तिने अर्धी खाल्ली आणि ताट सारलं. "मम्मी, मले भाकर नको. भाकर खाल्ली की दुखते. भात खाल्ला की नाही दुखत."

सासूबाई लगेच, "पाह्य, पोळीसाठी नखरे." नवरोबा हसले. मीसुद्धा म्हटलं, भाकरीने कोणाचं पोट दुखलंय आजवर? या मातीत भाकरीवर माणसं वाढली. खा मुकाट्याने.

तिने खाल्ली. डोळ्यांतलं पाणी आणि पुरण एकदमच गिळलं. तासाभरात पोट धरून आडवी.

३० ऑगस्ट, शनिवार

नीट लिहून काढते.

उद्या महालक्ष्म्या येणार, परवा पूजन, म्हणून आंबिलीला ज्वारीचं ताजं पीठ हवं होतं. एरवी दळण सासूबाई नेतात. आज त्यांचा गुडघा धरला म्हणून मी डबा उचलला. युसूफचाचांच्या चक्कीवर गर्दी. सणाचा गहू, ओळीने डबे. माझा नंबर आला तेव्हा चाचांनी डबा घेतला, आणि माझ्या मागची बाई सवयीने ओरडली, "चाचा, कशावर हाय?"

"गव्हावर," चाचा म्हणाले.

"मंग ठीक. या ज्वारीच्या आधी माहा गहू घ्या. ज्वारीवर नका घालू."

मी तिथेच खिळले. आधी काय दळलंय, हा प्रश्न मी जन्मभर ऐकलाय. बीबी गावाला, माहेरी, आईबरोबर दळणाला जायचे तेव्हापासून. मी स्वतः हजारदा विचारलाय. गव्हाचा डबा घेऊन उभी असले की विचारते, कारण ज्वारीवर गहू दळला तर पोळी फुगत नाही, काळसर होते. म्हणून चक्कीवर सकाळपासून गहूच गहू, आणि ज्वारी शेवटी, गव्हावर. ज्वारीचा डबा घेऊन 'कशावर हाय?' असं मी एकदाही विचारलेलं नाही. कोणीच विचारत नाही. ज्वारीत गहू आला तर कोणाचं काय बिघडतं?

चाचांना म्हटलं, थोडंसंच घाला, मला बघायचंय. त्यांनी ओंजळभर ज्वारी टाकली. खाली कापडी नळीतून पहिलं जे पीठ पडलं ते हातात घेतलं. पांढरं, मऊ, बोटांना चिकटणारं. कणीक होती ती! मागून मग ज्वारीचं पीठ आलं. दहा महिने, रोज दोन वेळा, मी माझ्या हाताने थापून तिला भरवलं. डॉक्टर खरं बोलले. घरातलंच माणूस गहू देत होतं, आणि ते मीच होते.

डबा काखोटीला मारून परत आले. ऋ. ओट्यावर बसली होती. तिला म्हटलं, तू खरं बोलत होतीस. भाकरीत गहू होता. तू बिस्कीटही खाल्लं नव्हतंस.

"मी तवाच सांगतलं होतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मंग मारलं काऊन?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पण हे नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं. डबा घेऊन मी आत गेले.

१ सप्टेंबर, सोमवार. महालक्ष्मी पूजन

आंबिलीची ज्वारी मिक्सरवर काढली. त्याआधी भांडं दोनदा उकळत्या पाण्याने धुतलं. भरडच निघाली, पण आंबिलीला चालते. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "देवीच्या आंबिलीत एवढं सोवळं तर माह्या सासूनं बी नव्हतं पाळलं." टोमणा होता, पण आवाज जरा मऊ वाटला.

ऋ.ने दोन वाट्या आंबील खाल्ली. मी घड्याळ लावून बसले. एक तास गेला, दोन तास गेले. ती अंगणात सानिकाशी भांडत होती, ठिक्करच्या खेळात आखलेल्या रेघेवरून. तिला भांडताना ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

८ सप्टेंबर, सोमवार

मिक्सरच्या भरडीची भाकर थापता येत नाही, तव्यावर जाईपर्यंत चार तुकडे. घरचं जातं कधीच तुळशीखाली गेलंय, त्याचा खुंटाही नाही. घरघंटीचं विचारलं तर नवरोबा म्हणाले, "बघू." त्यांच्या 'बघू'त आमचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य गेलंय.

म्हणून सकाळी सातलाच चक्कीवर. चाचांना म्हटलं, उघडल्या उघडल्या माझी ज्वारी घ्या, झाडून पुसून. रोज नको, आठवड्यातून एक दिवस.

चाचा भला माणूस. टोपी मागे सारून विचार करत बसले. "ताई, रातच्याले शेवटी जे राह्यते ते दगडातच राह्यते. नुसतं झाडून नाही निघत. अन् सकाळची पहिली ज्वारी घातली तर गहूवाल्या बाया येतीन काय माह्याकडं? त्या वरच्या गल्लीतल्या चक्कीवर जातीन."

तोवर चार जणी जमल्या होत्या. त्यात कोकिळाताई. माझ्या दारात बसून चहा पिणाऱ्या, माझ्या हातचे सहा ब्लाउज अंगावर मिरवणाऱ्या कोकिळाताई! म्हणाल्या, "तुमच्या एका पोरीसाठी साऱ्या गल्लीच्या पोळ्या काऊन खराब करता?"

पोळ्या! गल्लीची पोळी टम्म फुगली पाहिजे, माझ्या पोरीचं पोट फुगलं तरी चालेल. मी म्हटलं, कोकिळाताई, तुमच्या पोळीला ज्वारी लागली तर ती काळी होते. माझ्या पोरीला गहू लागला तर ती वाढायची थांबते. या दोन्हींत तुम्हाला पोळीची काळजी वाटते?

एकीने पदर नीट केला. कोकिळाताईंनी डबा पुढे सरकवला आणि विचारलं, "चाचा, कशावर हाय?"

घरी येऊन त्यांचा अर्धा शिवलेला ब्लाउज मशीनवरून काढला आणि कोपऱ्यात फेकला. संध्याकाळी पुन्हा उचलला. उद्या द्यायचा कबूल केलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

युसूफचाचा स्वतः दारात. हातात छिन्नी. मी घाबरले, काय झालं म्हटलं.

"ताई, आज टाकी लावून राह्यलो."

चक्कीचे दगड गुळगुळीत झाले की उघडून छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करतात, ती टाकी. पंधरा-वीस दिवसांतून एकदा. चाचा म्हणाले, "दगड उघडला की मी ब्रशनं सारं काढतो. कापड बी धुतेलं लावतो. मंग पहिलं दोन किलो टाकतो त्यात दगडाचा चुरा येते, ते तर ढोराले जाते. आजवर त्या पहिल्या घान्याले खराब गहू टाकत होतो. आज तुमची ज्वारी टाकतो. दुसरा घाना बी तुमचाच. त्यात गव्हाचा कण सापडला तर माहं नाव बदला."

मी म्हटलं, आणि गहूवाल्या?

"त्याहिच्या आधी मी माहा खराब गहू काढीन. कोणाले काय माहीत?" मग हसले. "सांगू नका कोणाले."

इतके दिवस डॉक्टर, शाळा, नातेवाईक सगळ्यांना ओरडून सांगितलं. कोणाला एक गोष्ट सुचली नाही. छिन्नी घेऊन बसणाऱ्या माणसाला सुचली. मागच्या दाराने डबा नेला. मागच्या दाराने! माझ्या पोरीची भाकर काय चोरीची आहे? राग आलाच. पण पीठ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच रंगाचं होतं. मी नळीखाली हात धरून तीनदा पाहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

तीन आठवडे पोटदुखी नाही. एकदाही नाही. लिहितानाही भीती वाटते, दृष्ट लागेल.

पण पंधरा दिवसांचं पीठ एकदम दळायचं म्हणजे शेवटी शेवटी शिळं होतं. शिळ्या पिठाची भाकर थापताना कडा फाटतात, पिठाची विरी जाते, ते धरून राहत नाही. उकळतं पाणी घालून मळलं तर कशीबशी जमते. सासूबाई बघतात आणि चुकचुकतात.

दसऱ्याला ऋ. तिच्या मैत्रिणींबरोबर सोनं वाटत अख्खी गल्ली फिरली. दमली नाही. कोकिळाताईंच्या घरी तिच्या हातावर करंजी ठेवली, तिने परत केली. "मले आजार हाय काकू, सवय नाही," असं म्हणाली म्हणे. सानिकाने येऊन सांगितलं. हे वाक्य कुठून उचललं ते मला माहीत आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस बीबीला होते, भावाच्या मुलाचं बारसं. ऋ.ला शाळा, म्हणून घरीच ठेवली. सासूबाईंना शंभर सूचना दिल्या. आज आले तर पोर कोपऱ्यात, गुडघे पोटाशी.

डबा उघडला, पीठ आमचंच. हिंग नाही. मग काय? सासूबाई मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बोलल्या.

"भाकर थापता येत नव्हती वं. साऱ्या तुटून राह्यल्या होत्या. लेकराले तुकडे काऊन द्या म्हनून मूठभर कनीक घातली. मूठभरच. चांगली गोल झाली मंग."

मूठभर! मी एकेक कण वेचतेय, चाचा छिन्नीने दगड खरवडतायत, आणि यांनी गोल भाकरीसाठी मूठभर घातली! तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला भाकर गोल पाहिजे की नात पाहिजे, इथपर्यंत बोलले. नवरोबा मध्ये पडले, "आईले एवढं बोलू नको." मी म्हटलं, मग तुम्ही बोला. आज तरी बोला. त्यांनी पेपर उचलला.

ऋ. उलटी करायला मोरीत गेली. सासूबाई गुडघा ओढत तिच्या मागे गेल्या, तिची पाठ चोळत उभ्या राहिल्या. मी बाहेरून ऐकलं. "माह्यानं चुकलं वं बाई. माह्यानं चुकलं." साठ वर्षं स्वयंपाक करणारी बाई नातीपुढे चूक कबूल करत होती. मला ऑगस्टमध्ये एवढं जमलं नव्हतं.

मी आत गेले. ऋ.चं तोंड पुसलं आणि म्हटलं, त्या दिवशी मारलं ते माझं चुकलं. तिने चूळ भरली, थुंकली, म्हणाली, "हाव. चुकलंच होतं."

२३ नोव्हेंबर, रविवार

टाकीचा दिवस. डबा उचलायला गेले तर जागेवर नाही, आणि सासूबाईही नाहीत. धावतच चक्कीवर गेले.

सासूबाई चक्कीच्या पुढच्या दारात, मधोमध, पाटावर बसलेल्या. मांडीवर डबा. आत चाचा ब्रश मारतायत. बाहेर बायांची रांग आणि रांगेत सगळ्यात पुढे कोकिळाताई, कंबरेवर हात. चोरी उघडी पडली होती.

"आजी, कवाची उभी हाय मी. आधी गहू होऊ द्या ना."

"नाही होत. आधी माह्या नातीची ज्वारी."

"ज्वारीवर आमचा गहू..."

"तुह्या पोळीले काही होत नाही वं, कोकिळे. चाचा मधात आपला गहू काढते. अन् झाली एखादी काळी, तर मेली नाहीस तू. मी मूठभर कनीक घातली त तीन दिवस लेकरू वाकडं झालं. माह्या डोयानं पाह्यलं मी. तुले पाहाचं असन त ये घरी."

कोकिळाताई लाल झाल्या, पण डबा घेऊन गेल्या नाहीत. थांबल्या. आमचा दुसरा घाणा पडेपर्यंत रांगेतल्या सगळ्याच थांबल्या. चाचा मान खाली घालून हसत होते.

घरी येताना डबा मी घेतला. सासूबाई म्हणाल्या, "हे मांगच्या दारानं काऊन नेत होतीस वं तू? आपन काय चोर हाओ?"

१४ डिसेंबर, रविवार

शाळेत बाईंनी ऋ.ला लेझीमच्या मागच्या रांगेतून मधल्या रांगेत घेतलं. मी ऋ.ला विचारलं, का? उंचीमुळे? "नाही, जोरात करते म्हनून." उगाच विचारलं. मनाशी ठरवलंय, अकोल्याला जाईपर्यंत तिला टेप लावायचा नाही. मागच्या वेळी रोज लावत होते, आणि रोज तेच.

वरच्या गल्लीत एक बाई चाचांना विचारून गेली म्हणे, तिच्या पोराचंही पोट फुगतं, टाकी कधी असते? असे किती असतील. जंत, उष्णता, नजर अशी औषधं करत बसले असतील. आम्हीच दोन वर्षं करत बसलो होतो. पुन्हा संताप येतो.

२५ जानेवारी, रविवार

उद्या झेंडावंदन, लेझीम. परवा, मंगळवारी, अकोला.

सकाळी गणवेश इस्त्री करून ठेवला. ऋ. घालून आली ती तोंड वाकडं करून. "मम्मी, हे कसं धुतलं तू? कंबरेचा हुक लागूनच नाही राह्यला."

मी मशीनवरूनच खेकसले, धुण्यात कापड आटत नाही, सरळ उभी राहा, पोट आत घे. चार ब्लाउज बाकी, हिचं आपलं काहीतरी. ती हट्टाने समोर येऊन उभी राहिली. "घेतलं आत. तरी नाही लागत. अन् गुडघे पाह्य ना."

पाहिले. गुडघे दिसत होते. जूनमध्ये झाकलेले होते.

मशीन बंद केलं. टेप कुठे ठेवला तेच आठवेना, गळ्यातच होता. तिला पाटावर उभं केलं आणि खालची पट्टी उसवायला घेतली. अडीच वर्षांपूर्वीची माझीच टीप, बारीक घातलेली, निघता निघेना. सासूबाई चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या आणि दोरे वेचू लागल्या. दीड बोट सोडलं. आत दाबलेलं कापड तसंच नवंकोरं, गडद निळं. वरचा स्कर्ट धुऊन धुऊन विटलेला, आणि खाली ती एक निळी पट्टी. कितीही इस्त्री केली तरी लांबून दिसणार.

ऋ.ला म्हटलं, दिसेल बरं का ही. पोरं हसतील.

"दिसू दे," म्हणाली. "सारं सोड ना. काऊन ठेवते बाकीचं?"

पुढच्या वर्षी लागेल की.

"पुढच्या वर्षी नवा शिव ना!" मी काहीतरी कंजूषपणा करतेय अशा आवाजात ती म्हणाली, आणि उसवलेला स्कर्ट धरून सानिकाला दाखवायला पळाली.

डॉक्टरांचा आकडा मंगळवारी कळेल. उतरला असेल, नसेलही. ती मूठभर कणीक मी विसरलेले नाही. नवरोबा म्हणाले, "मी येतो संग, सुट्टी टाकली." आणि थोड्या वेळाने, "तिच्या डब्याची भाकर मी बांधून घेतो." बांधू दे.

वही पुढून उघडली. ऋ.च्या नावाखाली दोन ओळी, दोन्हींत वरीलप्रमाणे. तिसरी लिहिली: स्कर्ट, लांबी सतरा होती, अठरा. कंबर एक इंच सोडणे.